मदर मेरी अल्फोन्सा : तीन महिन्यांचे शिक्षण, तीस वर्षांची शुश्रूषा

टेंभी नाका म्हटले की ठाणेकरांना सिव्हिल रुग्णालय आठवते. आजार बरा होणार नाही, असे डॉक्टरांनी सांगितल्यावर रुग्णाला न्यायचे कुठे आणि त्याच्या जखमा धुवायच्या कोणी, हा प्रश्न अशा रुग्णालयाच्या दारातून परतणाऱ्या कित्येक कुटुंबांना पडतो. याच प्रश्नाला आयुष्य वाहिलेल्या एका धर्मभगिनीचा हा अल्प परिचय.

रोझ हॉथॉर्न यांचा जन्म २० मे १८५१ रोजी अमेरिकेतील मॅसॅच्युसेट्स राज्यात झाला. सुप्रसिद्ध कादंबरीकार नॅथॅनिएल हॉथॉर्न यांचे हे धाकटे अपत्य. लिव्हरपूल येथे वकिलातीत असताना वडिलांनी तेथील अनाथाश्रमातील एका रोगट, किळस वाटावी अशा बालकाला मनाविरुद्ध उचलून घेतले होते. ही आठवण रोझ यांच्या मनात जन्मभर घर करून राहिली.

१८७१ साली जॉर्ज लॅथ्रॉप या लेखकाशी त्यांचा विवाह झाला. संसार सुखाचा झाला नाही. एकुलता एक मुलगा फ्रान्सिस १८८१ साली घटसर्पाने दगावला. १८९१ साली उभयतांनी कॅथलिक ख्रिस्तसभेत प्रवेश केला. परंतु पतीचे मद्यपान सुटेना, तेव्हा ख्रिस्तसभेच्या अनुमतीने १८९५ साली त्या विभक्त झाल्या. संतचरित्रे लिहिताना असे प्रसंग आपण सहसा झाकून ठेवतो. पण ते वगळले तर पुढचे काहीच कळत नाही.

त्यांची मैत्रीण, कवयित्री एमा लॅझरस, १८८७ साली कर्करोगाने वारली. ती सधन होती; तिच्या उशाशी माणसे होती. पुढे एका गरीब शिवणकाम करणाऱ्या बाईची हकिकत रोझ यांच्या कानी आली. तिलाही हाच आजार होता. पैसे संपताच तिची रवानगी ब्लॅकवेल बेटावरील अनाथगृहात झाली होती. कर्करोग संसर्गजन्य आहे, असा त्या काळी समज असल्याने अशा रुग्णांना खोली मिळणेही कठीण असे.

१८९६ साली, वयाच्या पंचेचाळिसाव्या वर्षी, रोझ यांनी न्यूयॉर्क कॅन्सर हॉस्पिटलमध्ये तीन महिन्यांचे शुश्रूषेचे शिक्षण घेतले. लेखणी धरलेल्या हाताने त्या जखमांवरील पट्ट्या बदलू लागल्या. पहिल्या दिवसांत त्यांना स्वतःच्या किळसेशीच झगडावे लागले. तेथून निघून त्यांनी शहराच्या अत्यंत गरीब वस्तीत, स्कॅमल स्ट्रीटवर, भाड्याने खोल्या घेतल्या आणि सेवा सुरू केली. ॲलिस ह्यूबर ही तरुण चित्रकर्ती त्यांना येऊन मिळाली. दोघींनी नियम केला : रुग्णाकडून वा नातेवाईकांकडून पैसा घ्यायचा नाही आणि रुग्णापुढे किळस दाखवायची नाही.

१८९८ साली जॉर्ज निवर्तले. ८ डिसेंबर १९०० रोजी दोघींनी डॉमिनिकन व्रते घेतली. रोझ आता मदर मेरी अल्फोन्सा झाल्या. १९०१ साली शहराबाहेर रोझरी हिल हे मोठे आश्रयगृह सुरू झाले. खर्च केवळ देणग्यांवर चाले. मार्क ट्वेन हे त्यांच्या हितचिंतकांपैकी एक होते. ९ जुलै १९२६ रोजी मदर प्रभूघरी गेल्या. २००३ साली त्यांच्या संतपदाची प्रक्रिया सुरू झाली आणि २०२४ साली त्यांना वंदनीय घोषित करण्यात आले.

त्यांचे ते तीन महिन्यांचे शिक्षण आज पुरणारे नाही, हेही सांगितले पाहिजे. अमेरिकेत पदव्युत्तर शिक्षण घेतलेल्या परिचारिकेसाठी वेदनाशामक सेवेची स्वतंत्र प्रमाणपत्र परीक्षा असते. आपल्याकडे मुलीने प्रथम जीएनएम किंवा बी.एस्सी. नर्सिंग पूर्ण करून परिचर्या परिषदेकडे नोंदणी करायची. त्यानंतर कर्करोग शुश्रूषेची पदविका किंवा इंडियन असोसिएशन ऑफ पॅलिएटिव्ह केअरचा प्रमाणपत्र अभ्यासक्रम करता येतो. मॉर्फिन कधी, किती आणि कोणत्या अंतराने द्यायचे, श्वास लागला तर काय करायचे, घरच्यांशी कसे बोलायचे, हे तेथे शिकावे लागते. केवळ दयाळूपणाने ते येत नाही. काम पाहायचे असेल, तर ठाण्याहून फार दूर जायला नको. वांद्रे येथे १९८६ साली सुरू झालेले शांती आवेदना सदन हे भारतातील पहिले हॉस्पिस. होली क्रॉसच्या धर्मभगिनींनी तेथील रुग्णांची शुश्रूषा केली आहे आणि तेथेही रुग्णाकडून पैसे घेतले जात नाहीत.