जडसन साहेब व फिलाडेल्फियाचा गृहस्थ

ब्रह्मी भाषेत पवित्र शास्त्राचे भाषांतर करणारे रेव्ह. अदोनिराम जडसन यांचे नाव आमच्या बहुतेक वाचकांच्या कानांवर आहेच. परंतु ब्रह्मदेशास जाण्यापूर्वी फ्रान्स देशात एका अनोळखी मनुष्याने त्यांस बंदिखान्यातून कसे सोडविले, हा वृत्तांत आमच्या खेड्यांतील मंडळ्यांत क्वचितच सांगितला जातो.

जडसन साहेबांचा जन्म अमेरिकेत 1788 साली एका पाळकाच्या घरी झाला. अँडोव्हर येथील सेमिनरीत असता त्यांनी व त्यांच्या मित्रांनी परदेशी सुवार्ता सांगण्याचा निश्चय केला. ह्या मित्रांत गॉर्डन हॉल व सॅम्युएल नॉट हे होते. अमेरिकन बोर्ड 1810 साली नुकतेच स्थापन झाले होते व त्याच्यापाशी द्रव्य थोडे होते. म्हणून लंडन मिशनरी सोसायटीचे साहाय्य मिळेल काय, हे पाहण्यासाठी 1811 च्या जानेवारीत जडसन यांस इंग्लंडास पाठविण्यात आले. त्या वेळी त्यांचे वय अवघे 22 वर्षांचे होते.

नेपोलियन बादशहाचे व इंग्रजांचे तेव्हा युद्ध चालू होते. एका फ्रेंच गलबताने वाटेत त्यांचे जहाज पकडले व त्यांस खलाशांबरोबर तळाशी कोंडले. तेथे अंधार, दुर्गंधी व समुद्र लागून होणाऱ्या वांत्या! बोस्टन येथील मोठ्या मंडळीची जागा आपण उगाच सोडली, असा विचार त्यांच्या मनात आला. ही परीक्षा आहे असे ओळखून त्यांनी प्रार्थना केली, आणि आपले इब्री शास्त्र काढून ते मनातल्या मनात लॅटिनमध्ये उतरवू लागले. जहाजाच्या वैद्याने ते पुस्तक पाहिले. दोघांस एकमेकांची बोली येत नव्हती, पण लॅटिन दोघांसही येत होते. त्या वैद्याने त्यांस वर चांगल्या जागेत आणविले.

पुढे बायोन शहराच्या रस्त्यांतून कैद्यांस चालवीत नेले, तेव्हा जडसन साहेब इंग्रजीत मोठमोठ्याने ह्या जुलमाचा निषेध करू लागले. लोक हसले. परंतु गर्दीत फिलाडेल्फियाचा एक गृहस्थ होता. त्याने जवळ येऊन त्यांस आवाज उतरविण्यास सांगितले व मदतीचे वचन दिले.

बंदिखाना भुयारासारखा होता. मध्ये एक मिणमिणता दिवा, कडेने पेंढा. त्या घाणेरड्या पेंढ्यावर न बसता जडसन साहेब एका खांबास टेकून उभे राहिले. काही वेळाने तो गृहस्थ लांबरुंद झगा घालून आत आला. ओळखीचा कोणी आहे काय, हे पाहण्याच्या मिषाने त्याने दिवा उचलून सर्वत्र फिरविला. जडसन यांच्याजवळून तो ओळख न दाखविता गेला, दिवा जागेवर ठेवला, आणि एकाएकी आपला झगा त्यांच्यावर टाकून त्यांस पोटाशी धरले. जडसन साहेब शरीराने लहान व सडपातळ होते. धिप्पाड असते तर ही युक्ती साधती ना. आतील पहारेकऱ्याच्या हातावर रुपे पडले, दरवाजावरील पहारेकऱ्याच्याही पडले. हे योग्य की अयोग्य, असे कोणी उपदेशक बंधू आम्हांस विचारील. त्याचा निवाडा आम्ही येथे करीत नाही. बाहेर येताच दोघे धक्क्याकडे पळाले, व जडसन यांस एका अमेरिकन जहाजावर लपविण्यात आले.

पुढे रीतसर कागदपत्र मिळून ते मे महिन्यात इंग्लंडास पोहोचले. सोसायटीने प्रेमाने स्वागत केले, पण दोन देशांच्या मंडळांनी एकत्र कारभार चालवावा हे जमले नाही. तेव्हा अमेरिकन बोर्डाने आपल्याच जबाबदारीवर माणसे पाठविण्याचे ठरविले. 1812 च्या फेब्रुवारीत दोन जहाजे निघाली. त्यांपैकी दुसऱ्यावर हॉल व नॉट होते. ते त्याच फिलाडेल्फिया बंदरातून सुटले होते. हे दोघे 1813 साली मुंबईस उतरले व मराठी मिशनास आरंभ झाला. हॉल साहेब 1826 साली नाशिकहून परतताना दोडी-दापूर येथे पटकीने वारले, हे त्या बाजूच्या वाचकांस ठाऊक असेल.

जडसन साहेब बाप्तिस्म्याविषयी मत पालटल्यामुळे बॅप्टिस्ट झाले व 1813 साली रंगूनास गेले. 1824 साली इंग्रज व ब्रह्मी यांच्या युद्धात त्यांस पुन्हा बंदिखाना घडला, तोही सुमारे दीड वर्ष, पायांत बेड्या घालून. ह्या वेळी झगा घेऊन कोणी आला नाही. त्यांची पत्नी अ‍ॅन अन्न घेऊन दारापाशी खेटे घाली. नव्या कराराच्या भाषांतराची हस्तलिखिते तिने एका कठीण उशीत शिवून त्यांस दिली होती. कैद्यांस दुसरीकडे हलविताना पहारेकऱ्याने ती उशी टाकून दिली. मौंग इंग नावाच्या एका ब्रह्मी ख्रिस्ती बंधूने आपल्या गुरूची आठवण म्हणून ती उचलून घरी नेली. कित्येक महिन्यांनी उशी उसवून पाहिली, तो आतील कागद जसेच्या तसे निघाले.