जॉर्ज बूल : विचारांचे गणित मांडणारे शिक्षक

संगणक आज घरोघरी पोहोचला आहे. परंतु त्याच्या मुळाशी असलेली एक कल्पना निवासी शाळा चालविणाऱ्या शिक्षकाची आहे, हे फार थोड्यांना ठाऊक असते. त्या जॉर्ज बूल यांचा परिचय आम्ही येथे करून देत आहोत.

२ नोव्हेंबर १८१५ रोजी इंग्लंडमधील लिंकन येथे त्यांचा जन्म झाला. वडील जोडे शिवीत. पण त्यांचे मन गणितात आणि दुर्बिणी घडविण्यात अधिक रमे. धंदा डबघाईला आला आणि सोळाव्या वर्षीच जॉर्ज यांना शिक्षकाची नोकरी पत्करून घर चालवावे लागले. विद्यापीठात विद्यार्थी म्हणून ते कधीच गेले नाहीत. ग्रीक, फ्रेंच, जर्मन आणि उच्च गणित त्यांनी स्वाध्यायाने आत्मसात केले. एकोणिसाव्या वर्षी त्यांनी स्वतःची शाळा काढली. शाळा सांभाळून केलेल्या संशोधनास १८४४ मध्ये रॉयल सोसायटीचे पदक लाभले. १८४९ मध्ये, पदवी नसतानाही, आयर्लंडमधील कॉर्कच्या क्वीन्स कॉलेजात ते गणिताचे प्राध्यापक झाले.

१८५४ मध्ये विचारांच्या नियमांवरील त्यांचा ग्रंथ प्रसिद्ध झाला. तर्कालाही बीजगणिताप्रमाणे चिन्हांत मांडता येते, हे त्यांनी त्यात दाखविले. विद्यार्थ्यांच्या समूहातून पुन्हा विद्यार्थीच निवडले, तर समूह तोच राहतो. म्हणजे येथे एखाद्या चिन्हाला त्याच चिन्हाने गुणले तरी उत्तर तेच येते. संख्यांमध्ये हा नियम केवळ ० आणि १ पाळतात. त्यामुळे खरे म्हणजे १ आणि खोटे म्हणजे ०, असा हिशोब शक्य झाला.

१८६४ च्या हिवाळ्यात भर पावसात चालत जाऊन ओल्या कपड्यांनीच त्यांनी व्याख्यान दिले. त्यातून जडलेल्या आजाराने ८ डिसेंबरला, वयाच्या एकोणपन्नासाव्या वर्षी, त्यांचे निधन झाले.

त्यानंतर ७३ वर्षांनी, १९३७ मध्ये, अमेरिकेतील क्लॉड शॅनन या एकवीस वर्षांच्या विद्यार्थ्याने हेच गणित विजेच्या मंडलांना लावले. एकामागे एक जोडलेली दोन बटणे दोन्ही चालू असली, तरच वीज वाहते. हे झाले ‘आणि’. समांतर जोडली, तर एकही पुरते. हे झाले ‘किंवा’. आजच्या संगणकातील कोट्यवधी सूक्ष्म बटणे याच नियमांनी चालतात.

आपल्या विद्येचा हा उपयोग बूल यांना पाहता आला नाही. परिस्थितीमुळे ज्यांचे शिक्षण अडते, अशा मुलांना हे चरित्र आवर्जून सांगावे, असे आम्हांस वाटते.