पाठीचा कणा आणि पामरसाहेब

परवा शेजारची सूनबाई मोबाईल घेऊन आली. पडद्यावर एक माणूस पालथा झोपलेला. दुसऱ्याने त्याच्या पाठीवर दोन्ही तळहात टेकवले आणि असा झटका दिला की कड्कन आवाज! सूनबाईची कंबर दोन महिने धरलीय. आपणही असं करून घ्यावं का, असं तिने विचारलं.

मला आजीचं गाव आठवलं. कुणाच्या पाठीत उसण भरली की पायाळू माणसाची शोधाशोध व्हायची. त्याने पाठीला हलकेच लाथ लावली की उसण पळते, असं म्हणत. मोबाईलवरच्या त्या प्रकाराला कायरोप्रॅक्टिक म्हणतात, आणि तो ज्याने सुरू केला त्याचं आयुष्य आमच्या पायाळूपेक्षाही अजब आहे.

डॅनियल डेव्हिड पामर हे त्याचं नाव. आडनाव पामर, पण नम्रता मात्र अंगात औषधालाही नव्हती! जन्म १८४५चा, कॅनडात टोरांटोजवळ. विशीत अमेरिकेत आला. शाळामास्तर झाला, मधमाश्या पाळल्या, रासबेरीची रोपं विकली, किराणा दुकानही काढलं. मग १८८६च्या सुमारास आपल्या हातातून रोग्याच्या अंगात चुंबकशक्ती जाते असं सांगून उपचार करू लागला. लोक जात, कारण त्या शतकात डॉक्टरसुद्धा पाऱ्याची औषधं सर्रास देत. त्यापेक्षा हा नुसता हात फिरवणारा बरा!

आयोवा राज्यातल्या डॅव्हनपोर्ट गावात पामरचा दवाखाना होता. त्याच इमारतीची साफसफाई बघणारा हार्वे लिलार्ड नावाचा कृष्णवर्णीय माणूस सतरा वर्षं जवळजवळ बहिरा होता. वाकून काम करताना पाठीत काहीतरी सरकलं आणि तेव्हापासून ऐकू येईनासं झालं, असं तो म्हणायचा. सप्टेंबर १८९५ मध्ये पामरने त्याच्या पाठीतला वर आलेला मणका दाबून बसवला आणि त्याला ऐकू येऊ लागलं, ही पामरने सांगितलेली कथा. लिलार्डच्या मुलीची हकीकत वेगळी. वडील मित्राला विनोद सांगत होते, पामरने हसत हसत हातातलं पुस्तक त्यांच्या पाठीत हाणलं, आणि पुढे काही दिवसांनी थोडं ऐकू येऊ लागलं. म्हणजे पुन्हा पायाळूची लाथच की!

गंमत अशी, की कानाची नस डोक्याच्या कवटीतच असते, पाठीच्या मणक्यातून ती जातच नाही. पण पामर थांबला नाही. मणका सरकतो, नस दबते, म्हणून रोग होतात, आणि शंभरातले पंच्याण्णव आजार त्यामुळेच, असं त्याने १९१०च्या ग्रंथात छापलं. इथेच त्याचं चुकलं, असं मला वाटतं. दुखणारी पाठ हाताने मोकळी होते एवढंच म्हणाला असता, तर भांडण कशाला झालं असतं? हा आजारांचा सिद्धांत आजवर सिद्ध झालेला नाही.

आणि तो कड्कन आवाज? तो हाड जागेवर बसल्याचा नाही. सांधा एकदम ताणला की आतल्या वंगणासारख्या द्रवात वायूची पोकळी तयार होते, तिचा तो आवाज. आपण बोटं मोडतो, अगदी तसाच.

पामरने १८९७ मध्ये शाळा काढली. १९०६ मध्ये परवाना नसताना वैद्यकी केली म्हणून शिक्षा झाली, तेव्हा दंड भरायला नकार देऊन तुरुंगात गेला. काही दिवसांनी मात्र दंड भरून बाहेर आला. शाळा मुलाच्या, बार्टलेटच्या हाती गेली आणि बापलेकाचं कायमचं फाटलं. लहानपणी वडील पट्ट्याने मारायचे, असं मुलाने लिहून ठेवलंय. १९१३च्या ऑगस्टमध्ये शाळेच्या मिरवणुकीत मुलाने म्हाताऱ्याला मोटारीचा धक्का दिला, असा आरोपही झाला, पण तो सिद्ध झाला नाही. दोन महिन्यांनी पामर लॉस एंजेलिसमध्ये गेला. कारण विषमज्वर.

या सगळ्या रणधुमाळीत मला आवडते ती त्याची सून, मेबल. सासऱ्याने शोधलं, नवऱ्याने गाजवलं, पण हाडं-स्नायू नीट शिकून घेऊन पुढे वर्षानुवर्षं विद्यार्थ्यांना शरीररचना शिकवली ती हिने. त्यावर पुस्तकही लिहिलं.

शेजारच्या सूनबाईला मी हे सगळं सांगितलं. कंबरदुखीत अशा उपचाराने काहींना आराम पडतो, साधारण व्यायाम आणि फिजिओथेरपीने पडतो तेवढाच. पण मानेला झटका कुणाकडूनही घ्यायचा नाही. तिथून मेंदूकडे जाणारी रक्तवाहिनी फाटून क्वचित पक्षाघातही झालेला आहे. आणि पाय बधिर पडत असले किंवा लघवीवरचा ताबा जात असला, तर आधी डॉक्टर, तोही त्याच दिवशी.

तिने मोबाईल बंद केला. दोन महिने घरातला पाण्याचा पिंप ती एकटीच भरतेय, हे तेव्हा कळलं. संध्याकाळी तिच्या नवऱ्याला मी घरी बोलावलंय.