कागदपत्रं घेऊन डोंगरात पळालेल्या शास्त्रज्ञाने स्क्रॅमजेट इंजिनाचा पाया घातला

सप्टेंबर १९४३. इटलीने दोस्त राष्ट्रांपुढे शस्त्रं टाकली आणि जर्मन फौजांनी देश ताब्यात घ्यायला सुरुवात केली.

रोमजवळच्या ग्विदोनिया संशोधन केंद्रातल्या एका शास्त्रज्ञाने तेव्हा हाताला लागतील ती उपकरणं निकामी केली, महत्त्वाची कागदपत्रं उचलली आणि डोंगर गाठला. तिथे ते बंडखोरांच्या तुकडीसोबत जर्मनांशी लढले.

हे होते अँटोनियो फेरी.

त्या कागदांत एवढं होतं तरी काय?

तर हवेचा हिशोब. १९१२ साली जन्मलेले फेरी ग्विदोनियाच्या विंड टनेलमध्ये आवाजाच्या दुपटीहून जास्त वेगाने हवा सोडायचे आणि विमानाच्या पंखांभोवती ती कशी वागते हे मोजायचे. अशी सोय तेव्हा जगात मोजक्याच ठिकाणी होती.

१९४४ मध्ये रोम मुक्त झालं आणि मो बर्ग त्यांना भेटायला आला. हा एकेकाळचा बेसबॉलपटू तेव्हा अमेरिकेचा गुप्तहेर होता. त्याच वर्षी फेरी अमेरिकेत पोहोचले.

पुढे त्यांनी हात घातला एका अवघड प्रश्नाला.

रॅमजेट इंजिन आत येणाऱ्या हवेचा वेग आवाजाच्या वेगाखाली आणतं आणि मग इंधन जाळतं. पण विमान आवाजाच्या पाच-सहा पट वेगाने जात असेल, तर हवा अडवल्यावर ती प्रचंड तापते. त्यात इंधन जाळून फारसा जोर मिळत नाही.

फेरींचं म्हणणं होतं, हवा इतकी अडवूच नका. ती आवाजापेक्षा वेगाने वाहत असतानाच इंधन जाळा. हेच स्क्रॅमजेट. अडचण अशी की हवा इंजिनात काही मिलिसेकंदच थांबते. तेवढ्यात इंधन मिसळायचं, पेटवायचं आणि जोरही मिळवायचा. म्हणजे वादळात काडी पेटती ठेवण्यासारखंच.

१९५६ मध्ये थिओडोर फॉन कार्मान यांच्यासोबत त्यांनी जनरल अप्लाइड सायन्स लॅबोरेटरीज काढली. १९६४ मध्ये जमिनीवरच्या चाचणीत त्यांच्या इंजिनाने जोर दिला आणि पुढे तो ५१७ पाउंडांपर्यंत गेला. ठरवलेल्या लक्ष्याच्या साधारण ८० टक्के.

१९७५ मध्ये फेरी गेले. तोवर स्क्रॅमजेटच्या जोरावर एकही विमान उडालं नव्हतं.

नोव्हेंबर २००४ मध्ये नासाच्या एक्स-४३ए या मानवरहित विमानाने आवाजाच्या नऊ पटींहून जास्त वेग गाठला. त्याचं स्क्रॅमजेट इंजिन बनवलं होतं फेरींनी काढलेल्या त्याच लॅबने.