जॅक लंडनची बोट आणि औषधांची पेटी

आपली स्वतःची शिडाची बोट असावी, सोबत आपले माणूस असावे आणि नारळीच्या बेटांमागून बेटे पाहत वर्षे काढावीत, हे स्वप्न अनेकांनी पाहिले. ‘द कॉल ऑफ द वाइल्ड’ या कादंबरीमुळे जगभर गाजलेला अमेरिकन लेखक जॅक लंडन आणि त्याची पत्नी चार्मियन यांनी ते प्रत्यक्षात आणले. त्यांची ही सफर वादळाने नव्हे, आजारपणाने संपली. म्हणूनच ताडकळससारख्या, समुद्रापासून शेकडो किलोमीटर दूर असलेल्या गावातल्या वाचकालाही तिच्यातून घेण्यासारखे आहे.

जॅकचा जन्म 12 जानेवारी 1876 चा, सॅन फ्रान्सिस्कोचा. बालपण गरिबीत गेले. पोरवयातच तो कारखान्यात राबला, मग खलाशी झाला. 1897 मध्ये सोने शोधायला उत्तरेच्या बर्फाळ क्लोंडाइक प्रदेशात गेला. तिथे ताजी फळे-भाजीपाला मिळेना. ‘क’ जीवनसत्त्वाच्या अभावाने स्कर्व्ही झाला, हिरड्या सुजल्या, दात हलू लागले आणि दुसऱ्या वर्षी तो रिकाम्या हाताने परतला. मात्र त्या अनुभवावर लिहिलेल्या कथांनी त्याला कीर्ती आणि पैसा दोन्ही दिले.

1905 मध्ये त्याने चार्मियनशी लग्न केले. ती त्याच्याहून चार वर्षांनी मोठी, टंकलेखन येणारी, घोडेस्वारीची शौकीन. दोघांनी सात वर्षांत जगप्रदक्षिणा करायचे ठरवले. ‘स्नार्क’ नावाची बोट बांधायला घेतली. खर्चाचा अंदाज 7 हजार डॉलरचा होता, तो 30 हजारांवर गेला. 23 एप्रिल 1907 रोजी बोट निघाली ती गळतच. बोटीची जबाबदारी घेतलेल्या माणसाला दिशा आणि स्थान काढण्याचे गणित नीट येत नव्हते. जॅकने समुद्रातच पुस्तके उघडली, ते शिकून घेतले आणि 27 दिवसांत बोट हवाई बेटांना लावली. चार्मियनही सुकाणूवर पाळी करी आणि उरलेल्या वेळात त्याचे लिखाण टंकलिखित करी.

हवाईत दोघे मोलोकाई बेटावरील कुष्ठरोग्यांच्या वसाहतीत राहून आले. लोक त्या जागेचे नाव काढायलाही घाबरत. जॅकने रुग्णांमध्ये मिसळून, त्यांच्या घोड्यांच्या शर्यती पाहून, हा रोग लोक समजतात तितका सहज पसरत नाही असे लिहिले. पुढच्या विज्ञानाने त्याला दुजोराच दिला.

तिथून 60 दिवसांचा प्रवास करून ते मार्केसास बेटांवर पोहोचले. जॅकने लहानपणी ज्या खोऱ्याचे वर्णन वाचले होते, तिथली धट्टीकट्टी वस्ती जवळपास नष्ट झाली होती. बाहेरच्या जहाजांबरोबर आलेल्या क्षयासारख्या रोगांनी तिचा घास घेतला होता. उरलेल्यांत कुष्ठरोग आणि हत्तीरोग होता.

ताहिती, सामोआ, फिजी करत 1908 मध्ये स्नार्क सॉलोमन बेटांत शिरली आणि बोटीचेच रुग्णालय झाले. मलेरियाने जवळपास सगळ्यांना आळीपाळीने झोपवले. मलेरियाचा जंतू डासाच्या पोटात असतो हे 1897 मध्येच रोनाल्ड रॉस यांनी सिकंदराबादेत दाखवले होते. परभणी त्या वेळी ज्या निजामी राज्यात होती, त्याच राज्यातली ही छावणी. पण बोटीवर भर होता तो ताप आल्यावर घ्यायच्या क्विनाइनवरच.

दुसरे संकट जखमांचे. डास चावला, कातडे खरचटले की तिथे न भरणारा व्रण होई. या व्रणांना जॅक ‘यॉज’ म्हणत असे. यॉजचा जंतू अशाच बारीक जखमेतून शिरतो. पेनिसिलिन यायला अजून कित्येक वर्षे होती. डॉक्टर जवळ नव्हता. जॅकने औषधांची पेटी उघडली आणि तोच डॉक्टर झाला. स्वतःच्या आणि खलाशांच्या व्रणांवर तो मर्क्युरिक क्लोराइड, म्हणजे पाऱ्याचा जहाल विषारी क्षार, लावू लागला. आधी त्याची चेष्टा करणाऱ्या चार्मियनलाही व्रण झालेच.

मग जॅकचे हात सुजले. कातडीचे पापुद्रे एकावर एक सुटू लागले, पायाची नखे जाड होऊ लागली. दोर धरणे अशक्य झाले. त्यातच भगंदर. नोव्हेंबर 1908 मध्ये सिडनीत भगंदराची शस्त्रक्रिया झाली, पाच आठवडे तो रुग्णालयात होता. हातांचा आजार मात्र तिथल्या डॉक्टरांना उलगडला नाही. सात वर्षांची सफर दोन वर्षांच्या आत सोडून द्यावी लागली. बोट विकली. 1909 मध्ये घरी परतल्यावर हात बरे झाले. अतिनील किरणांमुळे हे झाले, असा निष्कर्ष त्याने स्वतःच काढला. पुढे अनेक डॉक्टरांनी त्यावर वेगवेगळे तर्क केले.

मूत्रपिंडे मात्र साथ देईनाशी झाली. दारू आणि सिगारेट सुटली नाही. 22 नोव्हेंबर 1916 रोजी, वयाच्या अवघ्या 40 व्या वर्षी, तो गेला. मृत्यूच्या दाखल्यावर युरेमियाची, म्हणजे मूत्रपिंडे निकामी होऊन रक्तात विषद्रव्ये साचल्याची नोंद आहे. चार्मियन 1955 पर्यंत जगली.

पारा मूत्रपिंडाला घातक आहे आणि उघड्या जखमेतून तो रक्तात शिरतो, हे आज पक्के ठाऊक आहे. जॅकच्या मूत्रपिंडांचे सगळे खापर त्या एका औषधावर फोडता येणार नाही. पण तो ज्या परिस्थितीत होता, ती आपली नाही. त्याला डॉक्टर मिळतच नव्हता. भारतात तर यॉज उरलाच नाही; पेनिसिलिनच्या एका इंजेक्शनाने बरा होणारा हा रोग आपल्या आरोग्य कर्मचाऱ्यांनी वाड्यापाड्यांवर शोधून संपवला आणि 2016 मध्ये जागतिक आरोग्य संघटनेने त्यावर शिक्कामोर्तब केले.

तरीही औषधांची ती पेटी आपल्या घरोघरी आहे. शेतात पायाला काटा लागला, कापूस वेचताना हात खरचटला, की कुणी सांगितलेले मलम लावले जाते. अंग दुखले की दुकानातून वेदनाशामक गोळी येते, ती महिनोन्‌महिने चालते. कुणी पाऱ्याचे भस्म सल्ल्याविना घेतो. याचा मार मूत्रपिंडे मुकाट सोसतात आणि लक्षणे दिसेपर्यंत बरेच नुकसान झालेले असते.

जखम वाहत्या स्वच्छ पाण्याने आणि साबणाने धुवावी, झाकून ठेवावी, धनुर्वाताचे इंजेक्शन घ्यावे. दोन आठवड्यांत भरली नाही तर दाखवावी, रक्तातील साखर तपासून घ्यावी. मधुमेह किंवा रक्तदाब असेल तर वर्षातून एकदा क्रिएटिनिन आणि लघवीची तपासणी करावी. जॅकला डॉक्टर गाठायला समुद्र ओलांडून सिडनीला जावे लागले. आपल्याला आरोग्य केंद्रापर्यंतच जायचे आहे.