एका सदऱ्याचा विद्यार्थी : गोपाळ गणेश आगरकर

थोर पुरुषांच्या चरित्रांतील विद्यार्थिदशेचे प्रकरण आपण बहुधा घाईघाईने उलटतो. पुढे मोठी कार्ये वाट पाहत असतात. मग वह्या-पुस्तकांत कोण रमणार? आगरकरांच्या बाबतीत तर एकच गोष्ट शाळेपासून आपल्या कानांवर पडत आलेली असते. कॉलेजात असताना त्यांच्याजवळ एकच सदरा होता. रात्री धुऊन वाळत घालायचा आणि सकाळी तोच घालून वर्गात जायचे. गोष्ट संपली की सांगणारा आपल्याकडे रोखून पाहतो. त्या पाहण्याचा अर्थ एवढाच, की तुम्हांला तर सर्व काही मिळते, मग गुण का मिळत नाहीत? माझ्या मते त्या सदऱ्यापाशी आपण थोडे थांबले पाहिजे. तो घालणाऱ्या विद्यार्थ्याचे पुढे काय झाले, हे पाहिल्याशिवाय त्या गोष्टीचा अर्थ लागत नाही.

गोपाळ गणेश आगरकर यांचा जन्म १४ जुलै १८५६ रोजी सातारा जिल्ह्यातील टेंभू या गावी झाला. कऱ्हाडजवळचे हे कृष्णाकाठचे खेडे. आज टेंभू म्हटले की उपसा सिंचन योजना आठवते, त्या काळी तिथे शिक्षणाची सोय नव्हती. घरची गरिबी. त्यामुळे गोपाळला शिकण्यासाठी कऱ्हाडला आजोळी राहावे लागले. तिथले इंग्रजी शिक्षण थोडक्यात आटोपले आणि पुढे काय, हा प्रश्न उभा राहिला. हा प्रश्न गरिबाच्या मुलाला प्रत्येक इयत्तेच्या शेवटी नव्याने पडतो. त्याने कचेरीत उमेदवारी केली, दवाखान्यात कंपाउंडरचे काम केले. शिक्षणासाठी तो रत्नागिरीस गेला, पण तेथे जम बसला नाही आणि त्याला परत यावे लागले. अखेर वऱ्हाडात, अकोल्यास, नातेवाइकांच्या आश्रयाने शिक्षणाची गाडी रुळावर आली. तेथे विष्णु मोरेश्वर महाजनी यांच्यासारख्या शिक्षकाचा आधार लाभला. मॅट्रिक होऊन आगरकर पुण्याच्या डेक्कन कॉलेजात दाखल झाले.

डेक्कन कॉलेज हे त्या काळचे मातबर कॉलेज. १८२१ मध्ये विश्रामबागवाड्यात सुरू झालेल्या पाठशाळेतून ते वाढत गेले आणि १८६८ मध्ये येरवड्याच्या दगडी इमारतीत आले. शहरापासून दूर, नदीपलीकडे. शिकवायला इंग्रज प्राध्यापक, शिकायचे ते सारे इंग्रजीतून आणि परीक्षा मुंबई विद्यापीठाची. आज पदवीधर गल्लोगल्ली आहेत. तेव्हा एखाद्या तालुक्यात एक बी.ए. झाला तर लोक त्याला पाहायला जात. जेवढा मान मोठा तेवढी परीक्षाही कठोर. अशा ठिकाणी आगरकर एका सदऱ्यानिशी राहिले. खर्चासाठी त्यांनी ‘वऱ्हाड समाचार’ या पत्रात लेख लिहिले, वक्तृत्वाच्या स्पर्धांत बक्षिसे मिळवली, शिष्यवृत्ती मिळवली. म्हणजे ज्या बुद्धीने अभ्यास करायचा, तीच बुद्धी पोटासाठीही राबवायची. इतरांना वक्तृत्वस्पर्धा ही हौस होती. आगरकरांना तो महिन्याचा हिशेब होता. १८७७ मध्ये यशोदाबाईंशी त्यांचे लग्न झाले. १८७८ मध्ये ते बी.ए. झाले आणि १८८० मध्ये इतिहास व तत्त्वज्ञान हे विषय घेऊन एम्.ए. झाले. मिल्ल आणि स्पेन्सर यांचे ग्रंथ त्यांनी येथेच पचवले.

याच कॉलेजात त्यांच्याआधी काही वर्षे बाळ गंगाधर टिळक आले होते. दोघांचा जन्म एकाच वर्षाचा, एकाच महिन्याचा. टिळकांची प्रकृती लहानपणी तोळामासाची. कॉलेजातील पहिले वर्ष त्यांनी क्रमिक पुस्तके बाजूला ठेवून व्यायामाला वाहिले. तालीम, कुस्ती, पोहणे, नेमका आहार. परीक्षेच्या दृष्टीने ते वर्ष वाया गेले, पण टिळकांनी त्याची खंत केली नाही. पुढे गणित विषय घेऊन ते पहिल्या वर्गात बी.ए. झाले आणि १८७९ मध्ये एल्‌एल्.बी. झाले. त्या एका वर्षाने कमावलेले शरीर त्यांना मंडालेच्या सहा वर्षांच्या कारावासातही उपयोगी पडले, असे त्यांचे चरित्रकार मानतात.

अभ्यास आणि आरोग्य यांचा मेळ कसा घालावा, याचे उदाहरण म्हणून ही गोष्ट आपल्याला सांगितली जाते आणि ते योग्यच आहे. परंतु एक गोष्ट सांगायची राहून जाते. टिळकांचे आईवडील दोघेही तेव्हा हयात नव्हते, हे खरे. पण चुलत्यांचा आधार होता आणि वडिलांनी मागे थोडी शिल्लक ठेवली होती. एक वर्ष गेले तरी जेवणाचे ताट उचलले जाणार नव्हते. आगरकरांना ते परवडणारे नव्हते. त्यांचे वर्ष गेले असते तर शिष्यवृत्ती गेली असती आणि शिष्यवृत्तीबरोबर कॉलेजही. म्हणून शरीराकडे लक्ष देण्याची बुद्धी एकाला होती आणि दुसऱ्याला नव्हती, असा निकाल आपण देऊ नये. एकाच्या गाठीला एक वर्ष होते, दुसऱ्याच्या गाठीला नव्हते.

हे दोघे मित्र १८७९ च्या सुमारास डेक्कन कॉलेजच्या परिसरात देशाचे काय करावे, यावर तासन्‌तास बोलत. एम्.ए. झालेल्या माणसाला त्या काळी सरकारी नोकरीचे दार सताड उघडे होते. आगरकरांनी मात्र आईला पत्र लिहून कळवले, की मोठ्या पगाराची आशा धरू नये. पोटापुरत्या मिळकतीवर समाधान मानून आपण सर्व वेळ लोकांच्या हितासाठी घालवणार आहोत. मुलगा शिकला की दिवस पालटतील, म्हणून वाट पाहणाऱ्या त्या माउलीला काय वाटले असेल! घरातील पहिल्या शिकलेल्या मुलाच्या पदवीवर साऱ्या घराचा डोळा असतो. तो भार झुगारणे हे परीक्षेपेक्षाही अवघड होते.

यानंतरचे आयुष्य म्हणजे अखंड धावपळ. विष्णुशास्त्री चिपळूणकर व टिळक यांनी १८८० मध्ये न्यू इंग्लिश स्कूल काढले होते. आगरकर तेथे शिकवू लागले. जानेवारी १८८१ मध्ये ‘केसरी’ निघाला आणि त्याचे संपादकत्व त्यांच्याकडे आले. कोल्हापूर प्रकरणातील अब्रुनुकसानीच्या खटल्यात १८८२ मध्ये टिळकांबरोबर मुंबईच्या डोंगरीच्या तुरुंगात त्यांनी १०१ दिवस काढले. १८८४ मध्ये डेक्कन एज्युकेशन सोसायटी आणि १८८५ मध्ये फर्ग्युसन कॉलेज उभे राहिले. सामाजिक सुधारणेच्या प्रश्नावर मतभेद होऊन १८८७ मध्ये त्यांनी ‘केसरी’ सोडला आणि १८८८ मध्ये ‘सुधारक’ काढला. मुलींना मुलांच्या बरोबरीने, तेच आणि एकत्र शिक्षण द्यावे, असे त्यांनी निर्भयपणे लिहिले. मी आज मुलांच्या शेजारच्या बाकावर बसून ही वाक्ये लिहीत आहे, त्यामागे हे लिखाण आहे. सनातनी मंडळींनी जिवंतपणी त्यांची प्रेतयात्रा काढली, तरी ते ढळले नाहीत. १८९२ मध्ये ते फर्ग्युसनचे प्राचार्य झाले.

आणि या सर्व काळात दमा त्यांची पाठ सोडीत नव्हता. दिवसा शिकवणे, रात्री लेखन, मध्ये खोकल्याची उबळ. आपल्या अंत्यविधीपुरते पैसेही त्यांनी आधीच वेगळे बांधून ठेवले होते. १७ जून १८९५ रोजी ते गेले. वयाची चाळिशीसुद्धा पाहायला मिळाली नाही. टिळक चौसष्ट वर्षे जगले. दमा कॉलेजातल्या उपासमारीने झाला, असे म्हणण्याचे धाडस मी करणार नाही. रोगाची कारणे डॉक्टरांनी सांगावीत. पण शरीर घडण्याच्या वयात ज्याला शरीराची काळजी घेण्याची सवडच मिळाली नाही, त्याने ते पुढे किती वापरले आणि किती लवकर संपवले, हे तर दिसतेच.

हा प्रश्न त्या काळच्या जाणत्यांनाही छळत होता. पदवीधर अकाली का मरतात, याचा विचार न्यायमूर्ती रानडे यांनी मांडला होता आणि परीक्षांचा अतिरिक्त भार हे त्याचे एक कारण मानले होते. एका विषयात अडलेल्या विद्यार्थ्याला सगळी परीक्षा पुन्हा द्यावी लागू नये, ही सुधारणा त्यांना हवी होती. आज आपण ए.टी.के.टी. हा शब्द थट्टेने उच्चारतो. पण राहिलेला विषय घेऊन पुढच्या वर्गात जाण्याची ही मुभा म्हणजे शंभराहून अधिक वर्षांपूर्वी विचारी माणसांनी मागितलेली दया आहे.

आता आपल्या परिसराकडे पाहू. पिंपरी, भोसरी, चाकण हा सारा कारखान्यांचा पट्टा. आपल्या वर्गातील कितीतरी जण रात्रपाळी करून, कंपनीच्या बसमधून उतरून थेट पहिल्या तासाला येतात. कुणी हेल्पर आहे, कुणी पॅकिंगला, कुणी सुरक्षारक्षक. मुली घरातला स्वयंपाक आणि धुणे उरकून येतात. माझे वडील चाकणला कंत्राटी कामावर जातात. आमच्या घरात कॉलेजची पायरी चढणारी मी पहिली. त्यामुळे मागच्या बाकावर डुलकी घेणाऱ्या मित्राला सर्व जण हसतात, तेव्हा मला हसू येत नाही. त्याला वेळापत्रक नीट आखायला सांगणे सोपे आहे. पण दिवसाचे तास चोवीसच. त्यांतले आठ कारखान्याने आणि दोन रस्त्याने आधीच घेतलेले असतात.

अशा मुलाला आगरकरांची गोष्ट जरूर सांगावी, मात्र ती पूर्ण सांगावी. ते एकटे वर आले नाहीत. आजोळच्या घराने ताट वाढले, अकोल्याच्या नातेवाइकांनी आसरा दिला, शिक्षकाने पाठीवर हात ठेवला, शिष्यवृत्तीने फी भरली. यांपैकी एक हात जरी आखडला असता तरी महाराष्ट्राला हा सुधारक मिळाला नसता. आज विद्यापीठाची कमवा व शिका योजना आहे, शिष्यवृत्त्या आहेत, वसतिगृहे आहेत. त्या वेळेवर आणि मागेल त्याला मिळाव्यात. कामावर जाणाऱ्यासाठी ग्रंथालय रात्री थोडे उशिरापर्यंत उघडे राहावे, तासाला न आलेल्याला टिपणे मिळावीत, चुकलेली अंतर्गत चाचणी पुन्हा देता यावी. या मागण्या आळशांच्या नाहीत.

एक सदरा धुऊन घालणाऱ्या विद्यार्थ्यापुढे आपण नतमस्तक व्हावे, हे खरेच. पण येरवड्याच्या त्या कॉलेजात ज्यांच्या पेटीत चार-चार सदरे होते, असेही विद्यार्थी असतीलच. त्यांच्यापैकी कुणाला त्या रात्री दोरीवर वाळणारा तो एकटा सदरा दिसला असेल का? गोष्ट ऐकताना मला आता आगरकरांइतकीच त्यांचीही आठवण येते. आपल्या वर्गातही असा एखादा सदरा रोज वाळत असतो.

— एक विद्यार्थिनी, द्वितीय वर्ष कला