लग्नाचा सौदा रंगविणारा विल्यम हॉगार्थ

अठराव्या शतकात इंग्लंडात सरदारघराण्यातील लग्नांवर स्तुतिपर चित्रे निघत. ग्रीकांचा विवाहदेव हायमेन मशाल घेऊन उभा, भोवती पंखवाले मदन, वर दोन्ही घराण्यांची कुलचिन्हे! १७३१ साली लंडनमध्ये ‘जंटलमन्स मॅगझिन’ निघाले. त्यातील विवाहवार्तांत वधूने किती पौंड आणले, तेही पुष्कळदा छापीत. मशालीआडचा हा आकडा ज्याने चित्रात आणला, तो विल्यम हॉगार्थ.

त्याचा जन्म १६९७ साली लंडनमध्ये झाला. वडील शिक्षक, लॅटिनची पुस्तके लिहीत. लॅटिन बोलणाऱ्यांसाठी त्यांनी कॉफीगृह काढले, ते बुडाले आणि कर्जापायी ते फ्लीटच्या तुरुंगात गेले. हे वाचून मी थबकलो. आमच्या घरात कॉलेजची पायरी चढलेला मी पहिलाच. शिकले की दैन्य फिटले, असेच घरचे समजतात.

हॉगार्थ चांदीवर कोरीवकाम करणाऱ्याकडे उमेदवारीला राहिला. श्रीमंतांच्या भांड्यांवरील कुलचिन्हे त्याने तेथेच जवळून पाहिली. १७२९ मध्ये त्याने सेंट पॉलच्या घुमटातील चित्रे काढणाऱ्या सर जेम्स थॉर्नहिल यांच्या मुलीशी, जेनशी, त्यांच्या संमतीवाचून लग्न केले. सासऱ्यांचा राग पुढे निवळला.

१७४५ साली त्याच्या ‘मॅरेज आ-ला-मोड’ या सहा चित्रांचे छाप निघाले. पहिल्यात कर्जबाजारी सरदार पायाला पट्ट्या बांधून बसला आहे व बोटाने वंशवृक्ष दाखवीत आहे. समोर वधूचा बाप, धनाढ्य व्यापारी, चष्म्यातून करारपत्र वाचतो. टेबलावर पैसे. नवरदेव आरशात दंग, नवरी रुमालात अंगठी ओवीत वकिलाचे बोलणे ऐकते. हायमेन कोठेच नाही; एका साखळीला जखडलेली दोन कुत्री तेवढी आहेत! पुढे तोच वकील नवऱ्याला ठार करून फासावर जातो. शेवटच्या चित्रात मुलगी विष घेऊन मरते आहे आणि बाप तिच्या बोटातली अंगठी काढून घेतो आहे. त्या अंगठीवरून माझी नजर हलेना. हुंडाबंदीचा कायदा आपल्याकडे १९६१ साली झाला. तरी बैठकीत आकडा निघतोच, हे वाचकांना मी काय सांगावे?

सहाही मूळ चित्रे १७५१ मध्ये अवघ्या १२० गिनींना गेली. हॉगार्थची खरी मिळकत छापांवर होती. नकला करणाऱ्यांना आळा घालण्यासाठी त्याने खटपट केली आणि १७३५ साली कोरीव चित्रांना चौदा वर्षांचे संरक्षण देणारा कायदा झाला. १७६४ मध्ये तो वारला. मूलबाळ नव्हते. जेनने छापांची विक्री स्वतः चालविली. १७६७ साली पार्लमेंटने त्यांचे हक्क तिला आणखी वीस वर्षे दिले.